दंगल पाहिलेलं मूल कादंबरीत कसं वागतं?

फाळणीच्या वेळचं लाहोर. बाप्सी सिधवा यांच्या 'आइस कँडी मॅन' (१९८८) या कादंबरीतली लहानगी लेनी छतावरून दंगल बघते. खाली एका माणसाला दोन जीपना बांधून फाडलं जातं. घरी आल्यावर ती बाहुली उचलते, उलटी धरते आणि तिचे पाय दोन बाजूंना ओढते. एकटीला जमेना म्हणून धाकट्या भावाला ओढायला लावते. बाहुली फाटते, आतलं सगळं बाहेर येतं आणि तेव्हा कुठे लेनीला रडू फुटतं.

बालमानसशास्त्रात याला आघातोत्तर खेळ म्हणतात. कॅलिफोर्नियातल्या चाउचिला इथे १९७६ साली शाळेच्या बसमधून २६ मुलांचं अपहरण झालं होतं. त्या मुलांना भेटून मनोविकारतज्ज्ञ लिनोर टेर यांनी या खेळाचं बारकाईने वर्णन केलं. नेहमीच्या खेळात मूल गोष्ट बदलत जातं: हरलेला राजा उद्या जिंकतो. या खेळात शेवट तोच राहतो, खेळताना मजा नसते आणि घटनेशी असलेला संबंध बहुतेकदा मुलाच्या ध्यानातही येत नाही. लेनी मात्र एकदाच खेळते आणि रडून मोकळी होते. खऱ्या मुलांमध्ये हा खेळ महिनोन्‌महिने चालू शकतो आणि त्याने भीती ओसरेलच असं नाही.

अपराधभाव दाखवताना सिधवा अधिक अचूक आहेत. लेनीला सांभाळणारी आया घरातच लपली आहे, हे लेनी विश्वासाने सांगून बसते आणि जमाव आयाला ओढून नेतो. मग लेनी टूथब्रशने जीभ रक्त येईपर्यंत घासते. 'माझ्यामुळे झालं' असं मानणं लहान मुलांमध्ये फार आढळतं, काहीही चूक नसतानासुद्धा. चाउचिलाची मुलंही मागे वळून अपशकुन शोधत होती. आपण काही वेगळं केलं असतं तर हे टळलं असतं, असं मानणं हतबलतेपेक्षा सोसायला सोपं जातं.

किशोरवयात चित्र पालटतं. भीष्म साहनींच्या 'तमस' या फाळणीवरच्या कादंबरीत मास्तर रणवीरला कोंबडी मारायला लावतात. आधी त्याला उलटी होते. पुढे हाच मुलगा टोळीचा नायक होतो आणि त्याच्या टोळीतला पोरगा अत्तरवाल्याच्या पोटात सुरा खुपसतो. या वयाची मुलं भीतीवर मात करायला गटाचा आणि आक्रमकतेचा आधार घेतात; आणि मोठी माणसं नेमकं तेच हेरतात. मूल म्हणजे फक्त बळी, असं धरून चालणाऱ्या लेखकांच्या हातून हा भाग हमखास निसटतो.

दुसरी चूक काळाची. घटनेनंतरचे पहिले काही आठवडे दचकणं, अंथरूण ओलं करणं, आईला चिकटून राहणं स्वाभाविक असतं. एक महिना उलटूनही त्रास टिकला, तरच आघातोत्तर तणाव विकाराचं निदान करतात. सहा वर्षं आणि त्याहून लहान मुलांसाठी २०१३ पासून अमेरिकन मनोविकार वर्गीकरणात वेगळे निकष आहेत, कारण इतकं लहान मूल मनातलं शब्दांत मांडू शकत नाही. म्हणून पाच वर्षांचं पात्र दंगलीचा अर्थ नेटक्या वाक्यांत सांगू लागलं, की तिथे लेखकच बोलत असतो.

काळाचं हे भान अमिताभ घोष यांच्या 'द शॅडो लाइन्स' या कादंबरीत आहे. लहानपणी, १९६४ साली, ढाक्यात रॉबीच्या डोळ्यांसमोर जमावाने त्याच्या मोठ्या भावाला मारलं. मोठेपणी, लंडनमध्येही, त्या प्रसंगाचं स्वप्न त्याला पडतच राहतं.