प्रोफॉर्मा म्हणजे बिल नव्हे

‘प्रोफॉर्मा पाठवला म्हणजे बिल दिलं’ हा समज मुंबईतल्या फ्रीलान्सरांमध्ये वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे. प्रोफॉर्मा हा काम आणि रक्कम मान्य करून घेण्याचा कागद. त्यावर जीएसटी लागत नाही, आणि अंधेरीतल्या क्लायंटला इनपुट क्रेडिटही (खरेदीवर दिलेला जीएसटी स्वतःच्या करातून वजा करण्याची सोय) मिळत नाही.

खरा घोळ ॲडव्हान्समध्ये होतो. तुमची जीएसटी नोंदणी असेल आणि ५०,००० अधिक १८ टक्के असे ५९,००० रुपये आगाऊ आले, तर काम सुरू व्हायच्या आधीच ९,००० रुपये कर देय होतो. तेव्हा लगेच रिसीट व्हाउचर, म्हणजे आगाऊ रकमेची पावती, द्या. काम संपल्यापासून ३० दिवसांच्या आत टॅक्स इन्व्हॉइस, म्हणजे खरं बिल.

प्रोफॉर्माचे क्रमांक मात्र वेगळेच ठेवा. बिलांच्या मालिकेत मिसळलेत, तर रद्द झालेल्या कामामुळे क्रमांक तुटतात.