नोंदीतला शोध आणि मजकुरातला शोध: बॉक्स एकच दिसतो, काम मात्र दोन

सोलापुरात कुठल्याही वाचनालयात नाहीतर कॉलेजच्या लायब्ररीत कॉम्प्युटरपाशी पाच मिनिटं उभं राहा, एक वाक्य हमखास ऐकू येतं, "टाकलं ओ सर, काहीच येईना." काय टाकलं विचारलं तर बरोबर सांगतात, पण कशात शोधलं विचारलं की गप्प, कारण बॉक्स तर एकच आहे ना, बाजूला भिंगाचं चित्र असलेला. आता त्या एका बॉक्सच्या मागं दोन पूर्ण वेगळी कामं चालतात हे कुणी सांगितलेलंच नसतं, त्यामुळं "काहीच नाही" आलं की माणूस एकतर असं पुस्तकच नाही समजतो नाहीतर साइटला शिव्या घालतो.

पहिलं काम म्हणजे नोंदीत शोधणं. पुस्तकाबद्दल कुणीतरी बसून टाइप केलेली माहिती, नाव, लेखक, प्रकाशक, गाव, साल, भाषा, विषय, ह्यालाच मेटाडेटा म्हणतात, शोध तेवढ्यातच होतो. पुस्तक सातशे पानांचं असलं तरी नोंद आठ-दहा ओळींचीच आणि कॉम्प्युटर तेवढ्या ओळी बघून उत्तर देतो, आतल्या पानांना हातसुद्धा लावत नाही.

दुसरं म्हणजे मजकुरात शोधणं, फुल टेक्स्ट. इथं पानांच्या स्कॅनवरून ओसीआर नावाचं सॉफ्टवेअर अक्षरं ओळखतं, त्याची एक टेक्स्ट फाइल होते आणि शोध त्या फाइलमध्ये लागतो. म्हणजे पानावर काय छापलंय ह्यापेक्षा सॉफ्टवेअरला काय वाचता आलं ह्यावर सगळं अवलंबून, आणि हा फरक पुढं लई त्रास देतो.

कुठं काय चालतं ते आधी सांगतो. इंटरनेट अर्काइव्ह, म्हणजे स्कॅन केलेली पुस्तकं फुकट ठेवणारी मोठी साइट, तिथं शोधाच्या बॉक्सला क्लिक केलं की खाली पर्याय उघडतात, त्यात मेटाडेटावाला आधीच निवडलेला असतो आणि "टेक्स्ट कंटेंट्स"वाला आपल्याला हातानं निवडावा लागतो. निम्म्याहून जास्त लोक तो पर्याय बघतच नाहीत असं माझं मत आहे. हाथीट्रस्ट ही तशीच स्कॅन पुस्तकांची साइट, तिच्यावर कॅटलॉग आणि फुल टेक्स्ट असं सरळ वेगळं लिहिलेलंच आहे, ते बरं केलंय त्यांनी. गुगल बुक्स मजकुरातच शिरतं, पण कॉपीराइटवाल्या पुस्तकाचा बऱ्याचदा दोन-तीन ओळींचा तुकडाच दाखवतं. आणि आपली नॅशनल डिजिटल लायब्ररी, आयआयटी खरगपूरनं उभी केलेली, ती मुख्यतः नोंदींची जागा आहे, देशभरातल्या संग्रहांच्या नोंदी तिथं एकत्र केल्यात, पुस्तक उघडायला गेलं की ती मूळ साइटवर पाठवते. तिथं पुस्तकाच्या आतलं वाक्य टाकून बसणाऱ्याला काही मिळत नाही ह्यात नवल काय.

आता आपल्याकडचं उदाहरण घेऊ. मे 1930 मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला आणि पुढं 12 जानेवारी 1931 ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन ह्या चौघांना येरवड्यात फाशी दिली, हे इथल्या शाळेतल्या पोराला पण माहीत असतं. एखाद्या बीए च्या पोराला ह्यावर प्रोजेक्ट करायचाय, तो नोंदीच्या शोधात "मल्लप्पा धनशेट्टी" टाकतो. उत्तर शून्य, किंवा फार तर एखादी पुस्तिका. का? तर ज्या पुस्तकांत धनशेट्टींबद्दल दोन-चार पानं आहेत त्या पुस्तकांची नावं "सविनय कायदेभंग" नाहीतर "महाराष्ट्रातला स्वातंत्र्यलढा" अशा धर्तीची असणार, आणि नोंद करणाऱ्यानं आतल्या प्रत्येक माणसाचं नाव कशाला लिहिलं असतं. असं नाव मजकुरातच शोधायचं असतं.

बरं, तो मजकुरात गेला. आता दुसरी गंमत. देवनागरी ओसीआरला ध आणि घ मधला फरक, म आणि भ, ब आणि व, थ आणि य, हे सगळं जुन्या पुसट छपाईत नीट कळत नाही, त्यामुळं धनशेट्टीचं घनशेट्टी होऊन बसलेलं असतं. पानावर डोळ्यांना व्यवस्थित धनशेट्टी दिसतंय, फाइलमध्ये मात्र घ. म्हणून मी सांगतो की घ टाकून पण बघ बे एकदा. आणि हुसेन, हुसैन, सारडा, सारदा, शारदा, सगळं टाकून बघ.

ह्याच विषयाची सरकारी कागदपत्रं बघायची तर राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल पोर्टल आहे. तिथं उलटं. तिथल्या फायली म्हणजे पानांचे फोटो, आणि शोध लागतो तो फाइलच्या शीर्षकात आणि वर्णनात. ते शीर्षक कुणी दिलं? ब्रिटिश दप्तरातल्या कारकुनानं. त्याच्या लेखी तो सत्याग्रहही नव्हता न् हुतात्मेही नव्हते, त्याच्या लेखी रायट, डिस्टर्बन्स आणि मार्शल लॉ. त्यामुळं तिथं आपल्या मनातला शब्द टाकून उपयोग नाही, नोंद लिहिणाऱ्याचा शब्द टाकायचा, आणि गावाचं नाव त्याच्या स्पेलिंगनं टाकायचं, एस नंतर एच लावून, शोलापूर. आजच्या स्पेलिंगनं शोधलं तर जुनं बहुतेक सगळं हातातून जातं. हे मी चार हुतात्मा पुतळ्यापाशी उभं राहून ओरडून सांगायला तयार आहे, इतके लोक ह्या एका एच पायी अडकतात.

शोलापूरवरून आठवलं, 1884 चं बॉम्बे प्रेसिडेन्सीचं गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याजिल्ह्याची माहिती देणारा सरकारी ग्रंथ, त्याचा विसावा खंड आपल्या जिल्ह्याचा. स्कॅन नेटवर आहे, नोंदीतून सहज सापडतं. पण आत बार्शीबद्दल काय लिहिलंय हे मजकुरात शोधायला गेलं की पंचाईत. त्या गॅझेटियरवाल्यांनी आपल्या "आ" साठी इंग्रजी ए च्या डोक्यावर एक तिरकी रेघ दिली आहे, शोलापूरला, बार्शीला, माढ्याला, करमाळ्याला, सगळीकडं. ओसीआरला तो रेघवाला ए चक्क डी वाटतो. म्हणून टेक्स्ट फाइल उघडून बघितली की तिथं एस-एच-ओ-एल-डी-पी-यू-आर असलं काहीतरी गाव दिसतं, आणि बार्शीत बी नंतर थेट डी. ही चूक एकदा डोळ्याला दिसली की मग तिचाच फायदा घ्यायचा, मुद्दाम डी घालून शोधायचं, आणि पानं पटापट सापडतात. इंटरनेट अर्काइव्हवर पुस्तक जिथं उघडतं तिथं डाउनलोडच्या यादीत फुल टेक्स्ट म्हणून फाइल असते ती दोन मिनिटं वाचावी, सॉफ्टवेअर कुठं घसरतंय ते लगेच कळतं. कुठल्याही जुन्या पुस्तकात आत शोधायच्या आधी मी हे करायला सांगतो.

मराठी पुस्तकांचं तर आणखी वेगळं दुखणं. इंटरनेट अर्काइव्हवर डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाची म्हणून मराठी पुस्तकं भरपूर आहेत, पण त्यांच्या नोंदी रोमन लिपीत टाइप केलेल्या, ज्यानं जशा केल्या तशा. ज्ञानेश्वरी डी-एन-वाय नं सुरू होते, जे-एन नं होते, जी-वाय नं पण होते, देवनागरीत टाकली तर ह्यातली एक पण येत नाही. लेखकाच्या जागी "उपलब्ध नाही", मराठी पुस्तकाची भाषा हिंदी नाहीतर संस्कृत, असलंही सापडतं. मग वाटतं की नोंद बेकार आहे तर मजकुरातच शोधू, पण तिथं पण हमी नाही. पूर्वी त्यांचं ओसीआर आपल्या लिपीसाठी चालतच नव्हतं आणि पुस्तकाच्या माहितीत ओसीआरसमोर "लँग्वेज नॉट करंटली ओसीआरेबल" असं लिहून यायचं. आता टेसरॅक्ट नावाचं ओसीआर सॉफ्टवेअर वापरतात, त्याला देवनागरी येते. म्हणून माहितीच्या रकान्यात ओसीआरसमोर काय लिहिलंय ते बघायचं, टेसरॅक्ट असेल तर आत शोधण्यात अर्थ आहे, ते जुनं वाक्य असेल तर त्या पुस्तकाला मजकूरच नाही, कितीही शब्द टाका.

ओसीआर चांगलं झालं तरी जुनं शुद्धलेखन आडवं येतं. 1962 चे नियम यायच्या आधीच्या पुस्तकांत नाहीं, कांहीं, तेथें असे अनुस्वार जागोजागी, सोलापुर मधला पु ऱ्हस्व पण दिसतो. तुम्ही "काही लोक" असं अवतरण चिन्हात टाकलं की "कांहीं लोक" गेलं. आणि आपली भाषा शब्दाला शेपट्या लावणारी, गिरणी, गिरणीत, गिरण्या, गिरण्यांमधले, मशीनला हे चार वेगळे शब्द वाटतात. काही साइटवर शब्दाच्या शेवटी चांदणी (*) टाकली की शेपटीसकट येतं, नाहीतर एकेक रूप टाकत बसायचं. वारीच्या "वाऱ्या" मधला तो अर्धा र पण टाइप करायच्या दोन पद्धती आहेत, दिसायला सेम, कॉम्प्युटरला वेगळ्या.

तर मग कुठला शोध केव्हा? वाचून वाटेल की मजकुरातलाच भारी, फक्त थोडा गचाळ. तसं नाही. सोलापुरातून प्रकाशित झालेली पुस्तकं पाहिजेत असं म्हणा. जीवराज जैन ग्रंथमालेनं प्राकृत-संस्कृत जैन ग्रंथांच्या किती चांगल्या संपादित आवृत्त्या इथून काढल्या, जगभरातले अभ्यासक वापरतात, इथं मात्र विचारलं तर कोण सांगेल शंका आहे. ही यादी मजकुरात शोधून निघणारच नाही, सोलापूर शब्द असलेली हजारो पानं अंगावर येतील. पण नोंदीत प्रकाशकाच्या नाहीतर प्रकाशनस्थळाच्या रकान्यात शोधलं की बरोबर तेवढीच येतात. ग्रंथमालेच्या नावाचं स्पेलिंग जीवराज, जीवराजा असं बदलतं तेवढं सांभाळायचं. तसंच एका लेखकाची सगळी पुस्तकं, एका सालच्या आवृत्त्या, एखाद्या विषयावरचं सगळं, हे नोंदीचं काम. मोडीतली कागदपत्रं असतील तर नोंदच, कारण मोडीचं ओसीआर अजून ह्या संग्रहांच्या शोधात आलेलं नाही.

डॉक्टर कोटणीसांचं बघा, दोन्ही लागतात. कोटणीस नाव नोंदीत टाकलं की त्यांच्यावरची चरित्रं मिळतात. पण 1938 ला चीनला गेलेल्या त्या वैद्यकीय पथकात ते धरून पाच डॉक्टर होते, बाकीच्यांच्या आठवणींत, त्या काळच्या चीनवरच्या पुस्तकांत त्यांचा उल्लेख येतो, पुस्तकाच्या नावात नाही. ते मजकुरातून. आणि चिनी बाजूचं काही पाहिजे असेल तर तिकडं त्यांना के दिहुआ म्हणतात, ते नाव टाकल्याशिवाय काही हलत नाही.

शोधगंगेवर, म्हणजे भारतातल्या विद्यापीठांचे प्रबंध ठेवणाऱ्या साइटवर, पीएचडी शोधणाऱ्यांसाठी एक. तिथं प्रबंध प्रकरणाप्रकरणानं वेगळ्या पीडीएफमध्ये तोडून टाकलेले असतात, शीर्षक, प्रमाणपत्र, अनुक्रमणिका सगळं सुटं. मराठी प्रबंधांत बऱ्याच पीडीएफ जुन्या फॉन्टमध्ये केलेल्या आहेत, श्रीलिपी वगैरे. स्क्रीनवर झकास मराठी दिसतं, एक ओळ कॉपी करून दुसरीकडं पेस्ट करा, इंग्रजी अक्षरांचा न् चिन्हांचा काला पडतो. त्यात आपण आज मोबाइलवर टाइप करतो ती युनिकोड मराठी टाकून शोधलं तर कधीच सापडणार नाही, तिथं मार्गदर्शक, विद्यापीठ, साल ह्या नोंदीच्या वाटेनंच जायचं आणि अनुक्रमणिकेची पीडीएफ आधी उघडायची. ती एक ओळ पेस्ट करून बघायची सवय लावा, दहा सेकंदाचं काम आहे.

आणि शून्य आलं की लगेच उठू नका. नोंदीत शून्य म्हणजे असं नाव किंवा स्पेलिंग कुणी लिहिलेलं नाही. मजकुरात शून्य म्हणजे सॉफ्टवेअरला तसं दिसलं नाही, किंवा पुस्तकाला मजकूरच नाही. पुस्तक अस्तित्वात होतं का हाच प्रश्न असेल तर हे दोन्ही शोध बाजूला ठेवून शंकर गणेश दाते ह्यांची मराठी ग्रंथसूची बघायची, 1800 ते 1937 मधली मराठी पुस्तकं एका माणसानं नोंदवली आहेत त्यात. तिथं नाव, साल, प्रकाशक मिळाला की तो कागदावर लिहून हिराचंद नेमचंद वाचनालयात नाहीतर विद्यापीठाच्या ग्रंथालयात काउंटरवर द्या. "मिलवर काहीतरी पाहिजे" असं विचारलेल्यापेक्षा लेखक, साल आणि प्रकाशक लिहिलेली चिठ्ठी दिली की ग्रंथपाल मॅडम पण जरा वेगळ्या नजरेनं बघतात, आणि सोबत ऑनलाइन कुठं काय टाकून बघितलं ते पण सांगा, म्हणजे त्यांना तेच परत करावं लागत नाही.