राखीव कॅचर ते मायनर लीगचा मॅनेजर: ब्रूस बोचीच्या वाटेची पार्श्वभूमी

२०१४ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या अंतिम लढतीत, सॅन फ्रान्सिस्को जायंट्स आणि कॅन्सस सिटी रॉयल्स समोरासमोर आले, तेव्हा दोन्हीकडचे मॅनेजर, म्हणजे संघ चालवणारे मुख्य प्रशिक्षक, एकेकाळचे राखीव कॅचर होते. जायंट्सचा ब्रूस बोची मेजर लीगच्या, म्हणजे सर्वोच्च पातळीच्या, नऊ हंगामांत मिळून ३५८ सामने खेळला होता, रॉयल्सचा नेड योस्ट सहा हंगामांत २१९. एका हंगामात १६२ सामने असतात. म्हणजे दोघांचीही खेळाडू म्हणून उमेद मुख्यतः बाकावर बसण्यात गेली. दोघांनी संघ सांभाळायला सुरुवात केली ती मायनर लीगच्या, म्हणजे मेजर लीगसाठी खेळाडू घडवणाऱ्या खालच्या स्पर्धांच्या, तळाकडच्या पायऱ्यांवर: योस्टने १९८८ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या सम्टरला आणि बोचीने १९८९ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेनला. अमेरिकेत ही वाट निदान शंभर वर्षं मळलेली आहे. बोची तिच्यावरचा सगळ्यात यशस्वी वाटसरू असावा, म्हणून इथे त्याचं उदाहरण घेतो.

कॅचर बसतो क्रिकेटच्या यष्टिरक्षकाच्या जागी, पण त्याच्याकडे सूत्रं कितीतरी जास्त असतात. पिचरने (चेंडू टाकणाऱ्याने) पुढचा चेंडू कोणता टाकावा, हे तो मांड्यांच्या आडून बोटांच्या खुणांनी सुचवत आला आहे. बाकीचे आठही जण त्याच्याकडे तोंड करून उभे असतात, अख्खं मैदान समोर दिसतं ते त्याला एकट्याला. पिचरचा हात थकला आहे की फक्त डोकं तापलंय, हे मॅनेजरला सांगणाराही तोच. राखीव कॅचरची शिकवणी तर याहून लांबते. तो सामनाभर बुलपेनमध्ये, म्हणजे पिचरांच्या सरावाच्या जागेत, त्यांना सराव देतो, त्यांची गाऱ्हाणी ऐकतो आणि उरलेला वेळ मॅनेजरच्या आसपास बसून काढतो. खेळायला मिळत नाही, म्हणून बघायला भरपूर मिळतं.

बोचीचा जन्म १९५५ चा, फ्रान्समधला. वडील अमेरिकी सैन्यात होते, त्यामुळे बालपण बदल्यांत गेलं आणि शिक्षण फ्लोरिडात संपलं. १९७५ मध्ये ह्यूस्टन अॅस्ट्रोजने त्याला निवडलं, १९७८ मध्ये तो मेजर लीगमध्ये आला. ह्यूस्टनमध्ये अॅलन अॅशबीच्या मागे, १९८३ पासून सॅन डिएगो पॅड्रेसमध्ये टेरी केनेडीच्या मागे, अशी त्याची नेहमीची जागा. मधे न्यूयॉर्क मेट्सकडे गेला तेव्हा त्याच्या डोक्याला बसेल असं हेल्मेट संघाकडे नव्हतं, ते मायनर लीगच्या संघाकडून मागवावं लागलं. हा माणूस डोक्याच्या आकारासाठी खरोखरच प्रसिद्ध आहे. १९८४ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये त्याला एकदाच बॅट हातात मिळाली आणि त्याने हिट मारला, म्हणजे चेंडू टोलवून बेस (धावताना गाठायचा टप्पा) गाठला. १९८५ मध्ये नोलन रायनसारख्या दिग्गज पिचरला होम रन (क्रिकेटच्या षटकारासारखा टोला) मारून त्याने सामना संपवला. पण १९८७ मध्ये बेनिटो सांटियागो नावाचा तरुण पॅड्रेसचा मुख्य कॅचर झाला, लागोपाठ ३४ सामन्यांत त्याने हिट मारले आणि तो वर्षातला सर्वोत्तम नवोदित ठरला. बोचीचं काम तिथे संपलं. १९८८ मध्ये तो पॅड्रेसच्याच लास व्हेगसच्या मायनर लीग संघात खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दुहेरी भूमिकेत गेला आणि पुढच्या वर्षी थेट त्यांच्याच स्पोकेनच्या संघाचा मॅनेजर झाला.

त्या वेळी पॅड्रेसचा जनरल मॅनेजर, म्हणजे क्लबचा कारभार पाहणारा, होता जॅक मॅकीऑन. मॅकीऑनही कॅचरच. मेजर लीगमध्ये त्याला एकही सामना खेळायला मिळाला नाही, मात्र विशीतच तो मायनर लीगच्या संघांचा मॅनेजर झाला होता. १९६२ मध्ये व्हँकुव्हरचा संघ सांभाळताना त्याने जॉर्ज बॅम्बर्गर या पिचरच्या अंगावर छोटा रेडिओ बसवला आणि डगआउटमधून (संघाच्या बाकावरून) सूचना द्यायला सुरुवात केली. पुढे असल्या प्रकारावर बंदी आली. साठ वर्षांनी, २०२२ मध्ये, मेजर लीगनेच पिचकॉम नावाचं यंत्र अधिकृत केलं. त्यात कॅचर बटण दाबतो आणि पिचरला टोपीतून आवाज ऐकू येतो. मॅकीऑनने २००३ मध्ये, वयाच्या ७२ व्या वर्षी, फ्लोरिडा मार्लिन्सला वर्ल्ड सिरीज जिंकून दिली. संघ कोणाच्या हाती द्यावा हे ठरवणारा माणूस असा असेल, तर बाकावरच्या कॅचरकडे त्याचं लक्ष जाणारच.

मुळात मायनर लीग आज ज्या रूपात आहे, ती रचनासुद्धा एका कॅचरच्या डोक्यातून निघाली. ब्रँच रिकी हा खेळाडू म्हणून सुमार. २८ जून १९०७ या दिवशी, खांदा दुखत असताना, न्यूयॉर्क हायलँडर्सकडून तो मैदानात उतरला आणि वॉशिंग्टनच्या खेळाडूंनी त्याच्या डोळ्यांदेखत १३ वेळा बेस चोरले, म्हणजे कोणी चेंडू टोलवण्याआधीच पळून पुढचा बेस गाठला. पण सेंट लुईस कार्डिनल्सचा कारभार हाती आल्यावर या गृहस्थाने लहान गावांतले संघ विकत घ्यायला सुरुवात केली. तोवर हे संघ स्वतंत्र असत. चांगला खेळाडू तयार झाला की मोठ्या संघाला विकत, त्यावर त्यांचं पोट. पैसेवाल्या क्लबांशी बोली लावणं कार्डिनल्सला परवडत नव्हतं, म्हणून रिकीने खेळाडू स्वतःच पिकवायचे ठरवले. १९४० पर्यंत कार्डिनल्सच्या ताब्यात तीसहून अधिक संघ होते, आणि बाकीच्या क्लबांनीही तोच कित्ता गिरवला.

या बदलामुळे मायनर लीगच्या मॅनेजरचं कामच वेगळं झालं. पूर्वी त्याला गावासाठी जिंकायचं असे, आता त्याला वरच्या संघासाठी माणसं घडवायची होती. कोणता पिचर किती चेंडू टाकणार, कोणाला रोज खेळवायचं, हे मुख्य कार्यालय ठरवतं. मॅनेजर सामन्यानंतर अहवाल पाठवतो. सामन्याच्या आधी सरावासाठी स्वतः चेंडू टाकतो, सामन्यात तिसऱ्या बेसजवळ उभा राहून धावणाऱ्यांना थांबवतो किंवा पळवतो, आणि रात्री सगळ्यांबरोबर बसमध्ये बसतो. हातातला सर्वात चांगला खेळाडू मोसमाच्या मध्यावर वर बोलावला जातो आणि त्याबद्दल आनंद दाखवावा लागतो. माझ्या मते कॅचर इथे उपयोगी पडतात त्याचं खरं कारण डावपेच नाहीत. दुसऱ्याचं चांगलं व्हावं म्हणून राबायची आणि श्रेय पिचरच्या नावावर गेलं तरी न कुरकुरण्याची सवय त्यांना आधीपासून असते.

स्पोकेनचा संघ नॉर्थवेस्ट लीगमधला. तेव्हा तिचा मोसम छोटा, जून ते सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत, आणि खेळाडू बहुतेक नुकतेच कॉलेज सोडून आलेले. बोचीने पहिल्याच वर्षी तिथे विजेतेपद मिळवलं. १९९० मध्ये त्याला कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडला पाठवलं. पुढच्या वर्षी तो संघच मोहावी वाळवंटातल्या अॅडेलँटो गावी हलला, हाय डेझर्ट मॅव्हरिक्स असं नवं नाव मिळालं आणि त्याच वर्षी त्यांनी कॅलिफोर्निया लीग जिंकली. १९९२ मध्ये कॅन्सस राज्यातल्या विचिटाचा संघ घेऊन त्याने टेक्सास लीगही जिंकली. चार वर्षांत तीन विजेतेपदं, तीही तीन वेगळ्या गावांत. १९९३ मध्ये पॅड्रेसने त्याला तिसऱ्या बेसचा प्रशिक्षक म्हणून वर बोलावलं आणि १९९५ च्या मोसमापासून तो मॅनेजर झाला.

सगळ्यांना ही वाट सारखी खुली नव्हती. १९४६ मध्ये रिकी ब्रुकलिन डॉजर्समध्ये होता. कृष्णवर्णीय कॅचर रॉय कॅम्पानेला याला त्याने करारबद्ध केलं आणि न्यू हॅम्पशायरमधल्या नॅशुआला पाठवलं. जूनमधल्या एका सामन्यात पंचांनी मॅनेजर वॉल्टर अॅल्स्टनला बाहेर काढलं. जाताना त्याने संघ कॅम्पानेलाच्या हाती दिला. नॅशुआ मागे होतं. कॅम्पानेलाने पिचर डॉन न्यूकम याला बॅट देऊन पाठवलं, त्याने होम रन मारून बरोबरी केली आणि सामना जिंकला गेला. गोऱ्या खेळाडूंचा भरणा असलेला व्यावसायिक संघ एका कृष्णवर्णीय माणसाने चालवला, पण तो एका सामन्यापुरता. खेळाडू म्हणून कॅम्पानेला पुढे तीनदा नॅशनल लीगचा सर्वोत्तम ठरला. मॅनेजरपद मात्र त्याच्या वाट्याला आलं नाही.

बोचीसारखे वर गेलेले थोडे, वाटेतच राहिलेले पुष्कळ. १८ एप्रिल १९८१ च्या रात्री ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेटला रॉचेस्टरविरुद्धचा सामना सुरू झाला, तो पहाटे चार वाजून गेल्यावर ३२ इनिंगनंतर (एरवी नऊ असतात) थांबवला, तेव्हा १९ प्रेक्षक उरले होते. २३ जूनला आणखी एक इनिंग खेळून तो संपला. व्यावसायिक बेसबॉलमधला हा सर्वांत लांब सामना. त्यात कॅल रिपकेन आणि वेड बॉग्ज हे पुढे दिग्गज ठरलेले खेळाडू होते, म्हणून त्याच्या गोष्टीत नेहमी त्यांचीच नावं येतात. रॉचेस्टरच्या डेव्ह हपर्टने मात्र त्यात ३१ इनिंग कॅचरच्या बैठकीत काढल्या. त्याचा मॅनेजर डॉक एडवर्ड्स हाही जुना कॅचरच. मेजर लीगमध्ये हपर्टच्या नावावर १७ सामने आणि एक हिट आहे. पुढे तो मायनर लीगचा मॅनेजर झाला, आणि २००८ मध्ये पेनसिल्व्हेनियातला लीहाय व्हॅली आयर्नपिग्ज हा नवा संघ उभा राहिला तेव्हा त्याची सूत्रं पहिल्यांदा त्याच्याकडेच दिली गेली. मेजर लीगचा मॅनेजर तो कधीच झाला नाही.

बोचीची पुढची कामगिरी सर्वांना माहीत आहे: जायंट्सबरोबर २०१०, २०१२ आणि २०१४, मग निवृत्तीतून परत येऊन टेक्सास रेंजर्सबरोबर २०२३, अशा चार वर्ल्ड सिरीज त्याने जिंकल्या. तो ज्या शिडीने चढला ती मात्र आता तशी राहिलेली नाही. अॅडेलँटोचा संघ २०१६ नंतर बंद झाला, विचिटाचा जुना संघ २००८ मध्ये आर्कान्सॉला गेला. २०२१ मध्ये मेजर लीगने मायनर लीगची फेररचना करून संलग्न संघांची संख्या १२० वर आणली. स्पोकेन टिकलं, पण तिथला तो छोटा मोसम गेला.

क्लबांना मॅनेजर म्हणून कॅचर आजही हवे आहेत, फक्त तेवढी वर्षं थांबायची त्यांची तयारी नाही. कॅचर स्टीफन व्होट २०२२ मध्ये खेळाडू म्हणून निवृत्त झाला, एक वर्ष सिअॅटलमध्ये बुलपेनचा प्रशिक्षक राहिला आणि २०२४ मध्ये क्लीव्हलंडचा मॅनेजर झाला. त्याच वर्षी तो अमेरिकन लीगचा सर्वोत्तम मॅनेजर ठरला. मायनर लीगचा संघ त्याने एक दिवसही सांभाळला नव्हता.