३९६-१ मोठं की ५०-०? हौशी आणि व्यावसायिक बॉक्सिंगचा हिशेब

माझा भाचा कर्वेनगरला राहतो आणि गेल्या जूनपासून बॉक्सिंगच्या क्लासला जातो. परवा अमृततुल्यात बसलो होतो, तर त्याने मोबाइल पुढे सरकवला. "मामा, हे बघ. लोमाचेन्को ३९६ जिंकला, फक्त १ हरला. मेवेदर नुसत्या ५० जिंकला. मग त्याचं एवढं कौतुक कशाला?"

हिशेब सरळ वाटतो, पण खाती दोन आहेत. ३९६-१ हा युक्रेनच्या वासिल लोमाचेन्कोचा हौशी आकडा, ५०-० हा अमेरिकेच्या फ्लॉइड मेवेदरचा व्यावसायिक. हे शेजारी ठेवणं म्हणजे गादीवरचे गुण जत्रेतल्या निकाली कुस्तीच्या खात्यात मांडण्यासारखं.

मुळात 'हौशी' हा शब्दच घोळ घालतो. भरत नाट्य मंदिरात हौशी नाटकं बघितलेल्या माणसाला वाटतं, दिवसा बँक आणि संध्याकाळी तालीम. क्यूबाचा तेओफिलो स्टीव्हन्सन काही तसा हौशी नव्हता. सराव हेच त्याचं काम होतं आणि पोसणारं सरकार. १९७२, १९७६ आणि १९८० अशी लागोपाठ तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं त्याने हेवीवेटमध्ये घेतली. देशात तेव्हा व्यावसायिक खेळाला बंदी, त्यामुळे त्याचं दुसरं खातं कायम कोरं राहिलं. आपल्याकडचे लष्करातले बॉक्सर तरी कुठे फावल्या वेळात खेळतात? पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये जाऊन बघा.

खरा फरक वेळेत आणि वजनकाट्यात आहे. ऑलिंपिकची लढत तीन मिनिटांच्या तीन फेऱ्यांची, म्हणजे नऊ मिनिटांत खेळ खलास. व्यावसायिक जगज्जेतेपदाची लढत बारा फेऱ्यांची, छत्तीस मिनिटं. हौशी स्पर्धेत ज्या दिवशी लढत त्याच दिवशी सकाळी वजन, आणि समोर कोण येणार हे सोडतीवर. व्यावसायिकांत वजन आदल्या दिवशी होतं. वजनगटात बसायला काट्यावर सुकून उभं राहायचं आणि रात्रभर पाणी पिऊन, खाऊन भरून निघायचं. प्रतिस्पर्धी तर प्रवर्तक, म्हणजे लढत भरवणारा, निवडतो. पहिल्या वीसेक लढतींत बऱ्याचदा असेच पाहुणे बोलावतात, जे हरून परत जातील. म्हणून व्यावसायिक खात्यातलं शून्य बघितलं की मी आधी समोरच्यांची नावं वाचतो.

हौशीतून व्यावसायिकात जायची ही पायरी लोमाचेन्कोने ओलांडायचा प्रयत्न केला. २००८ आणि २०१२ ची ऑलिंपिक सुवर्णपदकं खिशात, आणि मार्च २०१४ मध्ये दुसऱ्याच व्यावसायिक लढतीत तो थेट जगज्जेतेपदासाठी उतरला. समोर मेक्सिकोचा ओर्लांदो सालिदो, ज्याच्या नावावर तोवर डझनभर पराभव होते. सालिदोचं वजन मर्यादेपेक्षा दोन पौंडांहून जास्त भरलं, म्हणून त्याचा बेल्ट, म्हणजे जगज्जेतेपदाचा पट्टा, काट्यावरच गेला. लढतीच्या रात्री तो आणखी जड होऊन आला, अंगावर रेलला, कंबरेखाली ठोसे मारत राहिला. पंचाने कानाडोळा केला. लोमाचेन्को निम्मी लढत नुसता बघत होता. बाराव्या फेरीत त्याने सालिदोला जवळजवळ पाडलं, पण घंटा झाली आणि निकाल दोन विरुद्ध एक मतांनी सालिदोकडे गेला. माझ्या मते त्या रात्री त्याला कौशल्य कमी पडलं नाही, धसमुसळेपणाची सवय कमी पडली. चार महिन्यांच्या आतच, तिसऱ्या लढतीत तो जगज्जेता झाला, हेही सांगायला हवं.

आता मेवेदर. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत तो बल्गेरियाच्या सेराफिम तोदोरोव्हकडून १०-९ असा हरला आणि कांस्यपदकावर थांबला. तेव्हा गुण यंत्रावर मोजत. पाचपैकी तीन पंचांनी साधारण सेकंदभरात बटण दाबलं तरच गुण. दात हलवणारा ठोसा आणि नुसता टेकलेला ठोसा, दोघांना सारखाच एक. अमेरिकेने तक्रार केली, ती फेटाळली गेली. तो निकाल मला आजही पटत नाही. तोदोरोव्हचं नाव आज बहुतेकांना त्या एका लढतीमुळेच माहीत असतं.

सगळ्यांत हळहळ वाटते ती हंगेरीच्या लास्लो पापची. १९४८, १९५२, १९५६ अशी तीन सुवर्णपदकं घेऊन, तिशी उलटल्यावर, साम्यवादी देशातून खास परवानगी काढून तो व्यावसायिक झाला. २७ विजय, २ बरोबरी, पराभव एकही नाही. युरोपचा विजेता झाला, आणि जगज्जेतेपदाची लढत टप्प्यात आली तेव्हा सरकारने परवानगीच काढून घेतली.

क्यूबाचा गिलेर्मो रिगोंदो देश सोडून पळाला आणि जगज्जेताही झाला, पण खेळायचा हौशीसारखाच: मार, सरक, लागू देऊ नको. तिकीट काढून आलेले लोक कंटाळायचे. मला मात्र तो बघायला आवडायचा.

दोन्ही खात्यांत भरघोस जमा असलेला आजचा माणूस म्हणजे युक्रेनचाच ओलेक्सांद्र उसिक. २०१२ चं ऑलिंपिक सुवर्ण, २०१८ मध्ये क्रूझरवेटचे (हेवीवेटच्या खालचा गट) चारही प्रमुख संघटनांचे बेल्ट, मे २०२४ मध्ये टायसन फ्युरीला हरवून हेवीवेटचेही चार. फ्युरी नवव्या फेरीत इतका झोकांड्या खात होता की दोरांनीच त्याला सावरलं आणि पंचाला, तो पडल्यासारखाच धरून, मोजणी करावी लागली.

"आणि आपला विजेंदर सिंग?" भाच्याने विचारलं. २००८ ला बीजिंग ऑलिंपिकमध्ये कांस्य, २०१५ पासून व्यावसायिक, सलग १२ विजय, आणि २०२१ मध्ये गोव्यात एका जहाजावर पहिला पराभव. सुरुवातच तिशीच्या तोंडावर झाली, तिथेच उशीर झाला होता.

येत्या रविवारी भाच्याची पहिली स्पर्धा आहे. सकाळी सातला वजन. बनमस्का त्याने माझ्याकडे सरकवला आणि चहाही अर्धाच प्यायला.