शक्तिसंक्रमण मालिकेतील कंप

शक्तिसंक्रमण मालिकेतील कंप : एंजिनाची शक्ती मागच्या चाकांपर्यंत नेणाऱ्या भागांत, म्हणजे क्लच, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट, त्याचे सांधे, डिफरन्शियल व अर्धअक्ष यांत, उत्पन्न होणारी आणि ठरावीक वेगाला पुन्हा पुन्हा येणारी थरथर. खड्ड्याचा हादरा एकदा बसून जातो. हा कंप वेग तोच ठेवला तर टिकतो. प्रस्तुत नोंदीत पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) बसवलेला सलग मागचा अ‍ॅक्सल असणाऱ्या जड पिकअपचा विचार मुख्यतः केला असून उदाहरणे नागपूर परिसरातील आहेत.

‘जड’ हा शब्द सापेक्ष आहे. अमेरिकेत ८,५०१ पौंड (सु. ३,८५६ किग्रॅ.) किंवा त्याहून अधिक एकूण वजनाच्या पिकअपला ‘हेवी ड्यूटी’ म्हणतात. भारतातील बहुतेक पिकअप ३,५०० किग्रॅ.पर्यंतच्या एन-१ वर्गात मोडतात, म्हणजे कागदावर हलक्याच ठरतात. मोसमात काटोल-नरखेडकडून संत्री भरून कळमन्याच्या बाजारात येणाऱ्या गाडीचे पाटे सरळ झालेले पाहिले, की हे वर्गीकरण फार मनावर घेण्याचे कारण उरत नाही.

सांध्याचा उगम : या कंपाच्या मुळाशी पुष्कळदा असणारा भाग म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट. गॅरेजमध्ये त्याला नुसते ‘क्रॉस’ म्हणतात. त्याच्या जनकत्वाविषयी एकमत नाही. यूरोप खंडात तो इटालियन गणिती जेरोलामो कार्दानो (१५०१–७६) याच्या नावाने कार्डन सांधा म्हणून, तर इंग्रजी परंपरेत रॉबर्ट हूक (१६३५–१७०३) याच्या नावाने ओळखला जातो. कार्दानोच्या बाजूने १५५० मधील त्याच्या ‘दे सुब्तिलिताते’ या ग्रंथाचा दाखला देतात. पण तेथे वर्णन आहे ते कड्यांत कडी बसवून वस्तू टांगण्याच्या युक्तीचे, म्हणजे गिंबलचे. गिंबल त्याहून कितीतरी जुने. बायझंटियमचा फिलो (इ. स. पू. सु. तिसरे शतक) याच्या नावावरील मजकुरात कड्यांत टांगलेली दौत येते. हा मजकूर अरबी भाषांतरातून हाती आलेला असल्यामुळे तो भाग मागाहून घातला गेला असावा, अशी शंका काही अभ्यासकांनी घेतली आहे. चीनमध्ये इ. स. १८० च्या सुमारास डिंग ह्वान याने अशी रचना केल्याचे सांगतात. यांपैकी कोणतीही रचना एका दंडाचे फिरणे दुसऱ्या दंडाला देत नाही. टांगणे व फिरवणे या दोन गोष्टी वेगळ्या धरल्या तर कार्दानोचा दावा बराच पातळ होतो.

फिरवणाऱ्या सांध्याचे स्पष्ट वर्णन गास्पार शॉट या जर्मन जेझुइटाने १६६४ मध्ये केले. मात्र दोन्ही दंड प्रत्येक क्षणी सारख्याच वेगाने फिरतात, असे त्याने धरून चालले. तसे ते फिरत नाहीत, हे हूकने ओळखले. १६७६ मध्ये छापलेल्या त्याच्या व्याख्यानात या सांध्याला ‘युनिव्हर्सल’ हे विशेषण मिळाले. या असमान गतीचा छायायंत्रावरील सावलीच्या चालीशी असलेला संबंधही त्याने दाखवला. आज क्लीनरच्या सीटखाली थरथरणारी गोष्ट मुळात सूर्यघड्याळाच्या हिशेबात कामाला आली होती. एकाच्या जागी दोन सांधे घालून तफावत मारण्याची कल्पनाही हूकचीच (१६८३). गतीचे गणिती विवेचन झाँ-व्हिक्तॉर पाँसले याने १८२४ मध्ये गोलीय त्रिकोणमितीने केले आणि मोटारीसाठी बंदिस्त, वंगण टिकवणाऱ्या सांध्याचे पेटंट क्लॅरेन्स स्पायसर याने १९०३ मध्ये अमेरिकेत घेतले. नाव द्यायचेच तर हूकचे द्यावे, असे या नोंदीच्या लेखकाला वाटते. गॅरेजमधले ‘क्रॉस’ हे नाव या वादाच्या बाहेर आहे.

गती व कंप : सांध्यावर दोन दंडांमध्ये कोन असेल, तर पुढचा दंड एकसारखा फिरत असतानाही मागचा प्रत्येक फेरीत दोनदा पुढे सरतो व दोनदा मागे पडतो. कोन क्ष असल्यास त्याचा वेग मूळ वेगाच्या कोज्या (cos) क्ष पट ते १/कोज्या क्ष पट यांदरम्यान हलतो. १०° कोनाला ही तफावत दोन्ही बाजूंना सु. १.५ टक्के येते. मिनिटाला १,००० फेरे देणाऱ्या दंडामागचा शाफ्ट ९८५ ते १,०१५ यांत झुलत राहतो. ३° ला ती ०.१४ टक्क्यावर येते. म्हणून चालता कोन ३° च्या आत असावा, असा संकेत आहे. तो शून्यही असू नये; मग क्रॉसच्या कपातील सुया (बेअरिंगचे बारीक रूळ) जागच्या जागी राहतात आणि खोबणी पाडतात.

शाफ्टच्या दोन टोकांचे कोन सारखे असले आणि दोन्ही योक (क्रॉस धरणारे दुफाटे जबडे) एका रेषेत असले, तर एका सांध्याने बिघडवलेली गती दुसरा सांधा सुधारतो. शाफ्ट सोडून पुन्हा बसवताना स्लिप जॉइंट (शाफ्टची लांबी कमी-जास्त होऊ देणारा दातेरी सरकता सांधा) एक दाता चुकला, तरी ही जुळणी मोडते. सोडण्यापूर्वी दोन्ही बाजूंना छिन्नीने खूण करायची सवय जुन्या मिस्त्रींना असते, ती याचसाठी.

कोन सारखे असले म्हणजे सगळे मिटले, अशी समजूत आढळते. ती पुरती खरी नाही. पिनियनला (डिफरन्शियलच्या तोंडाशी शाफ्ट ज्याला जोडलेला असतो त्या दातेरी चाकाला) समान गती मिळते, परंतु मधला शाफ्ट स्वतः प्रत्येक फेरीत दोनदा वेग घेतो व सोडतो. त्याचे जडत्व सांध्यांना झटके देतच राहते. कोन मोठे असतील, तर अचूक जुळवलेला शाफ्टही थरथरतो.

असंतुलनाचा कंप वेगळा. तो फेरीगणिक एकदाच येतो. अक्षापासून ४० मिमी. अंतरावर १० ग्रॅम जादा असले, तर मिनिटाला २,४०० फेऱ्यांना सु. २५ न्यूटन व ३,६०० फेऱ्यांना सु. ५७ न्यूटन प्रेरणा फिरत राहते. वेग दीडपट होताच बल सव्वादोन पट होते. नळीवरचे संतुलनाचे वजन गळून पडणे, नळीला दगडाची पोच बसणे किंवा एका बाजूला चिखल वाळून चिकटणे, ही नेहमीची कारणे. उमरेडच्या कोळसापट्ट्यात पावसाळ्यात फिरलेल्या गाडीचा शाफ्ट आधी धुऊन पाहावा.

लांब शाफ्टला आणखी एक मर्यादा असते. विशिष्ट वेगाला तो मधोमध वाकून दोरीसारखा फिरू लागतो. या वेगाला क्रांतिक वेग म्हणतात. स्कॉटिश अभियंता रँकिन याने १८६९ मध्ये या वेगापलीकडे दंड चालूच शकत नाही असा निष्कर्ष काढला होता, तो स्वीडिश अभियंता द लाव्हाल याच्या टर्बाइनाने १८८९ च्या सुमारास खोटा पाडला. पूर्ण उलगडा अभियंता जेफकॉट याच्या १९१९ मधील विवेचनाने झाला, असे सामान्यतः मानतात. हा वेग लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. ७६ मिमी. बाह्य व ७२ मिमी. आतील व्यासाच्या पोलादी नळीची लांबी १.५ मी. असता तो मिनिटाला सु. ५,६०० फेरे येतो, २ मी. असता सु. ३,१५०. म्हणूनच लांब हौद्याच्या गाड्यांत शाफ्टचे दोन तुकडे करून मध्ये रबरात बसवलेले सेंटर बेअरिंग देतात. नागपूरच्या उन्हात, एप्रिल-मेमध्ये पारा ४५° से.च्या वर असताना आणि खाली डांबर व सायलेन्सर दोन्ही तापलेले असताना, हे रबर लवकर कडक होऊन तडकते.

निदान : गाडी हाती आली की आधी टायर बॅलन्सिंग, मग क्रॉस, मग सेंटर बेअरिंग, मग क्लच प्लेट असे एकेक बदलत जायचे, ही सर्रास चालणारी पद्धत खर्चिक तर आहेच, शिवाय तिच्यात दोष लपतो. निदान म्हणजे मुळात मोजणी आहे. २१५/७५ आर १५ मापाच्या टायरचा घेर सु. २.२१ मी. असतो. ताशी ८० किमी.ला गाडी सेकंदाला २२.२ मी. जाते, म्हणजे चाक सेकंदाला १० फेरे घेते. डिफरन्शियलचे गुणोत्तर ४ धरल्यास शाफ्ट ४० फेरे घेतो. सेकंदाला १० ची थरथर असेल तर टायर, डिस्क, ड्रम, अर्धअक्ष. ४० ची असेल तर शाफ्टचे असंतुलन किंवा पिनियनचा फ्लँज (जोडतबकडी). ८० ची असेल तर सांध्यांचे कोन. दहाचा कंप डोळ्यांना दिसतो, आरशातली प्रतिमा हलते. ८० चा कानात घूं असा भरतो व फुटबोर्डावर पायाला मुंग्या आणतो. मोबाइलमधील त्वरणमापी सीटच्या बोल्टाजवळ घट्ट धरला, तर आकडा बऱ्यापैकी मिळतो.

येथे एक फसवी जागा आहे. चौथा गिअर थेट, म्हणजे १:१ असल्यास ताशी ८० ला एंजिनाचे फेरेही शाफ्टइतकेच, मिनिटाला २,४०० होतात. चार सिलिंडरांचे चतुर्घाती एंजिन प्रत्येक फेरीत दोन ठोके देते. तेही सेकंदाला ८० च. एंजिनाचे फाउंडेशन (आधाराचे रबर) बसलेले आणि सांध्याचे कोन बिघडलेले, हे दोन दोष या गिअरमध्ये वेगळे काढता येत नाहीत. वेग तोच ठेवून पाचवा गिअर टाकावा. गुणोत्तर ०.८ असल्यास एंजिनाचे ठोके ६४ वर उतरतात, सांधा ८० वरच राहतो. थरथर गिअरबरोबर बदलली तर दोष गिअरबॉक्सच्या पुढे, नाही बदलली तर मागे. मोकळ्या सपाट रस्त्यावर न्यूट्रल करून गाडी घरंगळू दिली आणि कंप तसाच राहिला, तर एंजिन व क्लच सुटले. अ‍ॅक्सिलरेटर दाबताना व सोडताना कंप बदलत असेल, तर कोनांचा किंवा क्रॉस-पिनियनमधल्या प्लेचा (ढिलेपणाचा) संशय धरावा, कारण जोर लागला की पाटे पीळ खाऊन अ‍ॅक्सल किंचित फिरतो. असंतुलन जोर पाहत नाही, फक्त वेग पाहते.

रस्ताही मोजणीत धरावा लागतो. नागपूर शहरात व भोवती सिमेंटचे रस्ते भरपूर असून समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाल्यापासून पिकअपही तासन् तास एकाच वेगाने धावू लागल्या. काँक्रीटच्या पाट्यांचे आडवे सांधे साधारणतः ४.५ मी. अंतराने असतात. ताशी ८० ला पुढची चाके सेकंदाला जवळजवळ पाच सांधे ओलांडतात, मागचीही तितकेच. समान अंतराने नसले तरी मिळून दहाएक ठोके होतात, आणि दहा हा चाकाचाही आकडा. ‘समृद्धीवर थरथरते, गावात नाही’ अशी तक्रार आली, की चाकांना हात लावण्यापूर्वी तीच गाडी त्याच वेगाने डांबरी रस्त्यावर चालवून पाहावी.

पाटे चढवणे : या भागात सर्वांत दुर्लक्षित कारण बहुधा हेच आहे. भार वाढवता यावा म्हणून वाडी, कापसीकडच्या गॅरेजांत मागे एक-दोन जादा पाटे चढवून घेतात. गाडी रिकामी असताना हौदा वर उचललेला राहतो आणि शाफ्टचा उतार वाढतो. भरली की ती खाली बसते आणि कोन पूर्वपदावर येतो. लक्षणे मग उलटी दिसतात: भरली गाडी शांत, रिकामी परतताना ६०-७० ला थरथर. मालक म्हणतो, ‘माल टाकला का चांगली चालते, मंग क्रॉस कायले बदलवू?’ त्याचे म्हणणे बरोबर असते. उलट मूळ पाट्यांची गाडी भरून चढावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये निघताना झटके देत असेल आणि ताशी ३० च्या पुढे शांत होत असेल, तर सेंटर बेअरिंगची उंची व रबर तपासावे. क्लच प्लेटही असाच झटका देते. तो क्लच अर्धवट असतानाच येतो व पूर्ण सुटताच थांबतो. मागचा शॅकल (पाट्याचे टोक चेसिसला जोडणारी कडी) लांब केलेला असल्यास किंवा पाटे आवळणारे यू-बोल्ट ढिले राहून मधला बोल्ट तुटला असल्यास पिनियनचे नाकच फिरते आणि दोन टोकांचे कोन एकमेकांना सोडून जातात.

कोन मोजताना गाडी चाकांवर, सपाट जागी उभी असावी. जॅकवर उचलून अ‍ॅक्सल लोंबत ठेवून घेतलेले कोन निरुपयोगी. गिअरबॉक्सचा फ्लँज, शाफ्टची नळी व पिनियनचा फ्लँज यांवर कोनमापी ठेवून तीन वाचने घ्यावी, शेजारच्या दोन-दोन वाचनांची वजाबाकी म्हणजे त्या सांध्याचा कोन. दोन कोनांत १° पेक्षा अधिक फरक नसावा. मोजणी रिकाम्या व भरल्या अशा दोन्ही स्थितींत करणे आवश्यक; प्रत्यक्षात दुसरी क्वचितच होते, कारण भरलेली गाडी थांबवायला कोणी तयार नसतो.

संतुलन तपासण्याची रस्त्याकडेची रीत अशी. मागचा भाग भक्कम घोड्यांवर, अ‍ॅक्सलखाली आधार देऊन घ्यावा, शाफ्टच्या मागच्या टोकाशी खडूने चार भाग पाडावे आणि पाण्याच्या नळीला लावतात तशी स्क्रूची क्लिप तिचे डोके एकेका खुणेवर येईल अशी आवळून प्रत्येक वेळी एंजिनाने शाफ्ट फिरवून कंप पाहावा. जेथे तो सर्वांत कमी होतो तेथे दुसरी क्लिप लावून दोन्ही डोकी समान अंतराने दूर सरकवत जावे. शाफ्ट फिरत असताना त्याच्या रेषेत कोणी उभे राहू नये. नळीच वाकडी असेल, तर क्लिपांनी भागत नाही. डायल गेजने नळीची धाव (फिरताना होणारा झोल) पाहून शाफ्ट लेथवर न्यावा लागतो.

चारही चाकांना जोर देणाऱ्या पिकअपमध्ये पुढचा शाफ्ट व ट्रान्सफर केस (पुढच्या व मागच्या शाफ्टला जोर वाटून देणारी पेटी) यांची भर पडते. पुढचा शाफ्ट सोडून ठेवून चाचणी घेतल्यास तो भाग वेगळा होतो.

कोन बिघडल्याचे ठरल्यावर खरा उपाय जादा पाटा काढणे हा. मालक त्याला सहसा राजी नसतो. मग पाटे व अ‍ॅक्सलची बैठक यांमध्ये १° किंवा २° ची पोलादी पाचर घालून पिनियनचे नाक फिरवतात. पाचर उलटी बसली तर दोष दुप्पट होतो, म्हणून यू-बोल्ट आवळल्यावर कोन पुन्हा घ्यावेत आणि काही दिवस माल वाहून झाल्यावर यू-बोल्ट परत आवळावेत.