उन्हाने धुरातला कार्बन जळतो का?

आरशांनी ऊन एकवटलं की वीज केंद्राच्या धुरातला कार्बन जळून जातो, असं काहींना वाटतं. मराठवाड्यातलं ऊन सोसणाऱ्याला ते पटणं साहजिक आहे.

पण कार्बन डायऑक्साइड हा कोळसा जळून झालेलाच वायू. तो पुन्हा जळत नाही. घरीच बघा: पेल्यात खायचा सोडा घ्या, लिंबू पिळा. फेस बसला की जळती काडी आत धरा. विझते.

मग ऊन कशाला? परळीच्या वीज केंद्रासारख्या ठिकाणी कोळशाचा धूर अमाइन या रसायनाच्या द्रावणातून नेला, तर साधारण 40 अंशांना ते हा वायू धरून ठेवतं. सोडवायला मात्र द्रावण 120 अंशांच्या आसपास तापवावं लागतं. एरवी त्यासाठी लागणारी वाफ टर्बाइनमधून, म्हणजे वीज बनवणाऱ्या यंत्रातून काढतात, म्हणजे तेवढी वीज कमी होते. खरं दुखणं हे आहे! आरशांची उष्णता इथे वापरली, तर वाफ विजेसाठी उरते. सुटलेला वायू दाबून जमिनीत खोल साठवावाच लागतो.

आणि नुसती 43 अंशांची हवा पुरत नाही, थेट ऊन लागतं. रात्री किंवा आभाळ भरलं, की साठवलेली उष्णता, नाहीतर पुन्हा टर्बाइनचीच वाफ.