ट्रान्समिशन कूलर (ऑफ-रोड गाड्यांतील)

ट्रान्समिशन कूलर : ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधले तेल, म्हणजे एटीएफ, गार ठेवणारा भाग. दिसायला छोट्या रेडिएटरसारखा. बऱ्याच गाड्यांत कंपनीने तो रेडिएटरच्या बाजूच्या टाकीतच बसवलेला असतो आणि डांबरी रस्त्यावर तेवढ्याने भागते. खडकांवर, वाळूत किंवा चिखलात चालणाऱ्या गाडीला मात्र बाजारातून घेऊन वेगळा कूलर जोडावा लागतो. ही पद्धत मुख्यतः अमेरिकेत रुजली, कारण तिथल्या जीप आणि पिकअप बहुतांशी ऑटोमॅटिक. महिंद्रा थारला 2020 मध्ये पहिल्यांदा टॉर्क कन्व्हर्टरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आला आणि हा विषय इकडच्या ऑफ-रोडवाल्यांच्याही कामाचा झाला.

उष्णता तयार होते ती प्रामुख्याने टॉर्क कन्व्हर्टरमध्ये. इंजिनाची ताकद इथे तेलामार्फत गिअरबॉक्सकडे जाते. चाक खडकाला अडले आणि चालकाने ॲक्सिलरेटर दाबून धरला, की गाडी जागची हलत नाही आणि सगळी ताकद तेल घुसळण्यात खर्ची पडते. हमरस्त्यावर कन्व्हर्टर लॉक होतो, म्हणजे त्याचे दोन्ही भाग एकत्र फिरतात, आणि घुसळण थांबते. खडकांतल्या गोगलगाईच्या चालीत तो लॉक होत नाही. त्यात 35 इंची टायर चढवून ॲक्सलचे गिअर जुनेच ठेवले असतील तर भार आणखी वाढतो. 2007 ते 2011 च्या, 3.8 लिटर इंजिन आणि चार गिअरचा 42आरएलई गिअरबॉक्स असलेल्या जीप रँग्लर हे याचे ओळखीचे उदाहरण. वाळूत किंवा लांब चढावर या गाड्यांच्या डॅशबोर्डवर ‘हॉट ऑइल’चा इशारा उमटतो. अशा वेळी गाडी थांबवून न्यूट्रल करावी आणि इंजिन आयडलपेक्षा थोडे वर फिरते ठेवावे, म्हणजे पंप तेल कूलरमधून फिरवत राहतो. घाबरून इंजिन बंद केले तर तापलेले तेल आहे तिथेच साचून राहते.

एटीएफला साधारण 80 ते 95 अंश सेल्सिअस मानवते. त्यापुढे दर 11 अंशांना तेलाचे आयुष्य निम्मे होते, असा ठोकताळा मेकॅनिक मंडळींत चालतो. आजची सिंथेटिक तेले जास्त सोसतात, तरी करपलेल्या तेलाचा काळपट रंग आणि जळका वास यायला एक वाईट दिवस पुरतो. तेलाचा चिवटपणा गेला की क्लच प्लेटा घसरू लागतात. त्या घसरण्याने तेल आणखी तापते.

कूलर दोन प्रकारचे मिळतात. नळी-पत्त्यांच्या कूलरमध्ये एकच नळी नागमोडी फिरवून तिच्यावर पातळ पत्त्या बसवलेल्या असतात. तो स्वस्त असतो, पण तेवढ्याच आकारात उष्णता कमी टाकतो. स्टॅक्ड प्लेट कूलरमध्ये तेल अनेक चपट्या वाटांनी एकदम वाहते, त्यामुळे अडथळा कमी आणि काम जास्त. दुर्गम जागी जाणाऱ्या गाडीसाठी दुसरा प्रकारच घ्यावा. खोक्यावर गाडीच्या वजनानुसार क्षमता लिहिलेली असते, पण ते आकडे ओढकाम करणाऱ्या, वेगात धावणाऱ्या गाडीला धरून असतात. खडकांत ताशी चार-पाच किलोमीटरने जाताना समोरून वारा लागतच नाही. म्हणून कूलर किती मोठा यापेक्षा त्याच्यातून हवा कोण ओढणार, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. एसीच्या कंडेन्सरपुढे (रेडिएटरसमोरची एसीची जाळी) बसवला तर इंजिनाचा पंखा ते काम करतो. पुढे जागा नसेल तर कूलर मागे चासीवर, चिखल-दगड लागणार नाहीत अशा उंचीवर बसवून त्याला स्वतःचा विजेचा पंखा द्यावा. साधारण 82 अंशांवर चालू होणारा थर्मोस्टॅट स्विच त्यासाठी मिळतो.

रेडिएटरमधला मूळ कूलर ठेवायचा की वगळायचा, यावर मतभेद आहेत. 2005 ते 2010 च्या निसान एक्सटेरा, पाथफाइंडर आणि फ्रंटियर या गाड्यांत रेडिएटरच्या आत गळती होऊन कूलंट एटीएफमध्ये मिसळले, गुलाबी दुधासारखा रबडा झाला आणि गिअरबॉक्स निकामी झाले. कंपनीला वॉरंटी वाढवावी लागली. त्या गाड्यांत मूळ कूलर वगळणे शहाणपणाचे. इतरांत मात्र तो ठेवावा: थंडीत तो तेल लवकर कोमट करतो आणि चढावर पहिला भार उचलतो. नवा कूलर त्याच्यानंतर, गिअरबॉक्सकडे परतणाऱ्या लाइनवर जोडला की रेडिएटरमधून आलेले तेल इथे आणखी निवते. परतीची लाइन कोणती, हे अंदाजाने ठरवू नये. गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहावे.

खरी हयगय होते ती होज पाइपात. पेट्रोलचा किंवा कूलंटचा साधा होज एटीएफच्या उष्णतेने फुगतो आणि रानात सुटतो. ट्रान्समिशन ऑइलसाठीचाच होज घ्यावा. लोखंडी लाइन कापली असेल तर टोकाला फ्लेअर करून कडा फुगवावी, म्हणजे होज निसटत नाही. खाचांची पट्टी असलेला क्लॅम्प रबर कापतो. गुळगुळीत आतल्या पट्टीचा, इंधन-इंजेक्शनसाठीचा क्लॅम्प बरा. होजला धारदार पत्रा आणि सायलेन्सर यांपासून दूर ठेवावे. किटमध्ये कूलर बांधायला थेट कंडेन्सरच्या जाळीतून आरपार ओवायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या येतात. त्या वापरू नयेत: गाडी आदळली की कूलर हलतो, घासून घासून कंडेन्सरला भोक पडते आणि एसीचा गॅस जातो. लोखंडी पट्टीचे ब्रॅकेट करून रबरी वॉशरसह बॉडीला कसावे. कूलरची होज जोडायची तोंडे वर किंवा बाजूला ठेवावीत. खाली ठेवली तर आत हवा अडकून राहू शकते.

काम झाल्यावर नव्या कूलर-होजात मावणारे तेल भरून काढावे लागते. ते बहुधा अर्धा ते एक लिटर भरते. तेल कंपनीने सांगितलेल्याच प्रतीचे हवे, 42आरएलईला एटीएफ+4. पातळी गाडी तापल्यावर आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या गिअरमध्ये पाहावी, कारण क्रायस्लरच्या कित्येक गिअरबॉक्सना न्यूट्रल लागतो आणि इतर अनेकांना पार्क. तापमापकाचा सेन्सर कन्व्हर्टरकडून कूलरकडे जाणाऱ्या लाइनवर बसवला तर सगळ्यात तापलेले तेल दिसते. तेलाच्या पॅनमध्ये बसवला तर सरासरी दिसते आणि आकडा कमी येतो. दोन गाड्यांचे आकडे ताडून पाहताना हा फरक ध्यानात ठेवावा.

एकदा जळालेला गिअरबॉक्स बदलला, तर जुना कूलर धुऊन पुन्हा लावू नये. स्टॅक्ड प्लेटच्या अरुंद वाटांत क्लचचा भुसा आणि धातूचे कण अडकून बसतात, कितीही फ्लश केले तरी सगळे निघत नाहीत आणि नव्या गिअरबॉक्समध्ये उतरतात.